चित्राची डावी बाजू

आमच्या घरात पाहुण्याची ओळख आधी चित्राशी करून देतात, मग माणसांशी. मी पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलं तेव्हा सासऱ्यांनी मला ‘बस’ म्हणायच्या आधीच विचारलं होतं, “मोज बरं, जहाजं किती आहेत?” मला वाटलं, ही परीक्षा आहे. घाम पुसत मोजली आणि चुकले. “धुराच्या मागचं राहिलं!” म्हणून ते टाळी वाजवून असे हसले, की लग्न तिथंच ठरलं, असं माझा नवरा पुढे कायम सांगत असे. धुराच्या मागचं जहाज सगळ्यांचंच राहतं. ते राहावं म्हणूनच मामंजी प्रश्न विचारतात.

चित्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, तैलरंगातलं, दोन्ही हात पसरले तर जेमतेम कवेत मावेल एवढं रुंद. बंदरातली सकाळ आहे. मधोमध भलंमोठं शिडाचं जहाज, नुकतं आत येत असलेलं. उजवीकडे धूर ओकणारी आगबोट. धक्क्यावर ही झुंबड: पोती वाहणारे हमाल, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, हातातला कागद फडकवणारा जकात कारकून, एक कुत्रं, आणि एक गृहस्थ, ज्यांची टोपी पाण्यात पडली आहे आणि जे ती आपली नव्हेच असा चेहरा करून उभे आहेत. साऱ्या चित्रात हाच माणूस मला पहिल्यापासून जवळचा वाटत आला आहे.

वर घर आणि खाली दुकान. तसबिरींना फ्रेमा करून द्यायचं. दुकान आजेसासऱ्यांनी काढलं, मग मामंजींनी चालवलं, मग माझ्या नवऱ्याने. तो गेल्यावर ‘बंद करा आता’ म्हणणारे पुष्कळ होते. मी बंद केलं नाही, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर हेही येत नव्हतं. बघून बघून आणि लाकूड नासून नासून शिकले.

तर चित्राची गोष्ट अशी. एका जहाजाच्या कप्तानाची बायको वारली. तिची एकुलती एक तसबीर घेऊन तो दुकानात आला. आजेसासऱ्यांनी तिला अशी फ्रेम करून दिली, की कप्तान भर दुकानात रडला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या केबिनमधलं हे चित्र काढून त्यांना बक्षीस देऊन गेला. मामंजी ही गोष्ट अशी रंगवून सांगतात की काय सांगू. कुठला झेंडा कुठल्या मालाचा, भरती कधी सुरू होते, मोठं जहाज बंदरात शिरताना आपलं आपण शिरत नाही, वाटाड्या त्याच्यासमोर छोट्या होडीतून जातो आणि त्याला खडकांमधून आत आणतो, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि हा माणूस आयुष्यात कधी समुद्रावर गेलेला नाही. तळ्यातल्या होडीतसुद्धा त्यांना मळमळतं.

“तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?” मी नवी असताना विचारलं होतं.

“ऐकलंय लहानपणी,” ते म्हणाले, आणि झेंड्यांवर घसरले.

यंदा शहरातल्या संग्रहालयात बंदराचं एक नवं दालन उघडायचं ठरलं आणि तिथल्या एक बाई चित्र बघायला आमच्याकडे आल्या. चष्मा डोक्यावर, आवाज मऊ, पायात आवाज न करणाऱ्या चपला. मामंजींनी नेहमीप्रमाणे जहाजं मोजायला लावली. बाईंनी पहिल्या फटक्यात बरोबर मोजली. मामंजींचा चेहरा जरा पडला. मग बाई चित्राच्या डाव्या कडेशी गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“हा दोर कुठं जातोय?”

खरंच, मोठ्या जहाजावरून एक दोर फेकलेला आहे आणि तो डावीकडे जाता जाता चित्राबाहेर निघून जातो. इतकी वर्षं मी त्या चित्रावरची धूळ पुसत आले, पण तो दोर कुठं जातो हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

“नांगराचा आहे,” मामंजी म्हणाले.

“नांगराचा खाली जाईल ना? हा आडवा चाललाय.”

“वारा आहे.”

“आणि जहाजावरचे सगळे डावीकडे का बघतायत, आजोबा?”

“तिकडूनच येतोय ना वारा!”

मला हसू आलं. बाईंना आलं नाही, आणि तेच मला खटकलं.

चित्र दालनाच्या दर्शनी भिंतीवर लावायचं, असं त्यांनी सांगितलं. खाली पाटी असेल. चित्र कुणाचं, कुणाकडून कुणाकडे आलं, आज कुणी दिलं, ते सगळं त्यावर येईल. मामंजींनी खुर्चीत पाठ ताठ केली. “बाबांचं पूर्ण नाव लिहा,” ते म्हणाले. “आद्याक्षरं नकोत. आद्याक्षरांनी माणूस कळत नाही.”

जिना उतरताना बाईंनी मला हळूच विचारलं, “चित्र कधी कापलं गेलं असेल का हो? जुन्या चित्रांचं होतं असं. त्यात विशेष काही नाही.”

“आमच्याकडे फ्रेम चित्राच्या मापाने कापतात,” मी म्हणाले. “चित्र फ्रेमच्या मापाने नाही.” हा आमच्या दुकानाचा नियमच आहे. मामंजी तो सकाळी दुकान उघडताना जसा कुणी देवाचं नाव घ्यावं तसा पुटपुटायचे. मी तो अशा तोऱ्यात सांगितला, की बाई नुसत्या “छान” म्हणाल्या. जाताना म्हणाल्या, “न्यायच्या आधी मागची बाजू बघायला हवी. फ्रेम तुम्हीच उघडा. आमच्या माणसांपेक्षा तुमचा हात हलका.”

फ्रेम उघडायला घरात बंदी होती. मागे खाकी कागद चिकटवलेला आणि चारी कोपऱ्यांवर लाल लाख. कप्तानाची मोहोर म्हणून ती कुणी फोडायची नाही, असं मामंजींच्या वडिलांनीच सांगून ठेवलं होतं. पण आता संग्रहालयाने मागितलं होतं, तेव्हा मामंजींनीही मान हलवली. “जपून,” म्हणाले, आणि झोपायला गेले. चित्र खाली आणवून मी कामाच्या मोठ्या टेबलावर पालथं घातलं आणि भिंग घेऊन ती कप्तानाची मोहोर बघितली.

कोटाच्या बटणाची होती. चार भोकं स्पष्ट दिसत होती.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हातात पटाशी असली की माझं डोकं चालत नाही, हात चालतो.

आता पुढचं कळण्यासाठी एक गोष्ट सांगते. फ्रेमला समोरून जे तोंड दिसतं, त्याच्या आत चारी बाजूंनी एक खाच असते. चित्राची कड त्या खाचेत बसते. म्हणून चित्र हे तोंडापेक्षा बोटभर मोठं लागतं. नवशिका काय करतो? समोरून दिसतं तेवढं तोंड मोजतो आणि बरोबर तेवढंच कापतो. मग चित्र खाचेत बसतच नाही, आरपार पलीकडे पडतं. मी पहिल्या वर्षी एका लग्नाच्या फोटोचं हे केलं होतं. नवरा इतका हसला होता की त्याला ठसका लागला. फोटो निदान पुन्हा काढून आणता येतो.

आजेसासऱ्यांनी बंदराचं केलं होतं.

आत बंदर एका फळीवर सरसाने चिकटवलेलं होतं. ज्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून ठोकतात ती चौकट नाही, खिळ्यांची भोकं नाहीत, रंग न लावलेली मोकळी कड नाही. चारी कडा सुरीने सपासप कापलेल्या, रंग थेट कडेपर्यंत. चित्र आणि खाच यांच्यामधली बोटभर फट बुजवायला कापून काढलेल्याच पट्ट्या भरलेल्या होत्या. वर आभाळाची पट्टी, खाली पाण्याची. कारागीर जातीचा खरा, काही वाया घालवलं नव्हतं. आणि डाव्या बाजूला चांगली वीतभर रुंद पट्टी, दुमडून फळीच्या मागे दाबलेली.

काय झालं ते मला एका नजरेत दिसलं. ही सोनेरी वेलबुट्टीची फ्रेम दुकानात आधीपासून पडून असणार, कुणीतरी करायला सांगितलेली आणि न नेलेली. चित्र तिच्यापेक्षा लांब. नवी फ्रेम करायची तर कष्ट. डावीकडे काय, नुसतं पाणी आणि एक होडी. कापून टाकावी. आणि कापताना दिसतं तेवढं मोजलं. गावात ज्याच्या हाताचं नाव, त्याने शिकाऊ पोरासारखं दिसतं तेवढं मोजलं.

मी डावी पट्टी गरम ओल्या फडक्याच्या वाफेने सैल करत करत उलगडली. मोठ्या जहाजावरून आलेला दोर तिथं एका छोट्या होडीपाशी संपत होता. होडीच्या शिडावर ठळक आकडा, वाटाड्यांच्या होड्यांवर असतो तसा. होडीत एक दाढीवाला माणूस दोर झेलायला हात उंच करून उभा. त्याच्या मागे, त्याच्या कोटाचं टोक धरून, सात-आठ वर्षांची एक मुलगी. डोक्याला लाल टोपडं. सगळं जहाज तिच्याकडे बघत होतं. वाऱ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

माझे कान इतके गरम झाले की मी हाताने दाबून धरले. दुकानात कुणी नव्हतं. तरी मी आधी शटर ओढलं.

कप्तानाने बक्षीस दिलेलं चित्र कुणी असं कापत नाही. आणि कापलं तरी मागे बटणाने लाख दाबून ठेवत नाही. हे चित्र कुणाचं तरी होतं. फ्रेम करायला आलं होतं. आणि परत गेलं नव्हतं.

पट्ट्या मी एका मोठ्या उथळ ट्रेमध्ये ठेवल्या, वर टिश्यू कागद पसरला आणि ट्रे कपाटाच्या वर सरकवला. मामंजींनी विचारलं, “उघडलंस का?” मी म्हणाले, “हवा दमट आहे. थांबते जरा.” बाईंचा फोन आला. त्यांनाही तेच सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला, तेव्हा म्हणाले, “मागचा कागद ओला करून ठेवलाय, वाळतोय.” माझ्या तोंडून हे असं सरळ, गुळगुळीत निघालं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्या “काही हरकत नाही, तुमच्या सोयीने” म्हणाल्या. लोक चिडले की खोटं बोलणं सोपं जातं. ही बाई चिडतच नव्हती.

मग नणंद आली. ती माझ्या नवऱ्यापेक्षा मोठी, आम्ही तिला ताई म्हणतो. उद्घाटनाला काय नेसायचं हे विचारायला आली होती. मी तिला ट्रे दाखवला. ती बघत राहिली. मग तिने टिश्यू कागद पुन्हा नीट पसरला, जसं मेलेल्या माणसाचं तोंड झाकावं.

“परत ठेव आत.”

“ताई, अहो...”

“अहो नाही नि काहो नाही. इतकी वर्षं आतच होतं ना? कुणाचं काही अडलं?”

“तिचं अडलं,” मी ट्रेकडे बोट करून म्हणाले.

“ती कोण? तुझी मावशी?” ताई कडाडली. “अगं, माझ्या सासरी मी सांगून बसलेय. माझ्या आजोबांचं नाव भिंतीवर लागणार म्हणून. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या माहेराबद्दल बरा शब्द काढला. आणि तू आता काय सांगणार? आजोबा चोर होते?”

“चोर नव्हते. चुकले होते.”

“चुकले असं सांगितलं तर चांगलंच! फ्रेमवाल्याच्या घरचं लोकांना सांगायचं, की फ्रेमवाल्याला माप घेता येत नव्हतं. उद्या कोण येईल तुझ्या दुकानात?” मग आवाज उतरवून म्हणाली, “बाबांचं बघ. किती दिवस राहिलेत त्यांचे? त्यांना ती पाटी वाचू दे. मग काय तो खुलासा कर.”

मामंजी रोज संध्याकाळी मोकळ्या भिंतीकडे बघत पाटीचा मजकूर जुळवायचे. मला वाचून दाखवायचे आणि कुठला शब्द बरा ते विचारायचे. ‘सप्रेम भेट’ की ‘कृतज्ञतापूर्वक भेट’. मी म्हणायची, सप्रेम. आणि आतून मेल्यासारखं व्हायचं. ताई जे म्हणाली ते मी मनात आधीच शंभरदा म्हणून झालं होतं. तिने ते मोठ्याने म्हटलं एवढाच तिचा दोष.

मग एका दुपारी बाई न सांगता आल्या. काचेतून मला त्या रस्ता ओलांडताना दिसल्या. मी काय केलं असेल? कामावर पोर ठेवलेलं नाही, नोकर नाही, निरोप देणारं कुणी नाही. मी मागच्या दाराने बोळात गेले. हातात फ्रेमच्या लाकडाचा एक तुकडा होता, तो कचऱ्यात टाकायला आल्यासारखी कचऱ्याच्या डब्याशी उभी राहिले. माझं वय काय, केस किती पिकलेले. समोरच्या गॅलरीतल्या बाईने विचारलं, “काय हरवलं का?” मी म्हणाले, “नाही, सापडलंय.” ती गोंधळून आत गेली. बऱ्याच वेळाने परत आले तर काउंटरवर चिठ्ठी: ‘येऊन गेले. पुन्हा येईन. घाई नाही.’

त्या पुन्हा आल्या, गेल्याच आठवड्यात. या वेळी मी कपाटाच्या मागे सरस ढवळत होते आणि मामंजी खाली येऊन बसले होते. म्हणजे काठी टेकत, एकेक पायरी मोजत, बाकावर. दाराशी आमचं एक जुनं लाकडी बाक आहे, गिऱ्हाइकांसाठी. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. मामंजींना आयतं कुणी हवंच होतं. कप्तान, केबिन, बायकोची तसबीर, सगळं सुरू झालं.

“आणि तो वाटाड्या छोट्या होडीतून जायचा,” मामंजी सांगत होते, “मोठ्या जहाजावरून दोर टाकायचे. तो दोर पहिल्या झटक्यात झेलायचा. चुकला की सगळ्या बंदरात हसं. खाली पाणी कसं असतं माहितेय? हिरवं नाही, काळं. आणि डांबराचा वास, दिवसभर कपड्यांना.”

“चित्रात वाटाड्या आहे का, आजोबा?”

“नाही ना,” मामंजी म्हणाले. “नाहीच आहे.”

माझा पाय मागच्या दाराकडे वळलेला होता. कडीवर हातसुद्धा गेला होता.

“सूनबाई कामात असतील तर बसते मी,” बाई म्हणाल्या. “मला घाई नाही.”

रागावल्या असत्या तर मी नक्की गेले असते. पण हे ‘बसते मी’ माझ्याने ऐकवेना. पुढे गेले तर सासऱ्यांची मान खाली जाणार होती, मागच्या दाराने गेले तर माझी; आणि माझी आधीच इतकी खाली होती, की तिला अजून खाली जायला जागाच नव्हती. मी स्टुलावर चढले, ट्रे काढला आणि बाहेर गेले.

“बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले,” मी म्हणाले. “काही वाळत नव्हतं.”

मामंजी कप्तानाच्या रडण्यापर्यंत आले होते. ते थांबले. मी ट्रे दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला आणि वरचा कागद काढला.

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मामंजींनी आधी चित्र बघितलंच नाही. त्यांनी पट्टीची कड बघितली. अंगठ्याने चाचपली, टोकापासून टोकापर्यंत. पन्नास वर्षं याच अंगठ्याने कडा चाचपल्यात त्यांनी. त्यांना सांगायची गरज नव्हती. हळूहळू त्यांचं तोंड लालबुंद झालं. इतक्या म्हाताऱ्या माणसाला इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हे मला बोलतील. बोलले असते तर बरं.

मग अंगठा होडीपाशी गेला. तिथं थांबला.

“होती,” ते म्हणाले.

“कोण होती?” बाईंनी विचारलं.

“ही.” लाल टोपड्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही, नुसतं वर धरलं. “होडीत होती. खरं सांगत होती.”

बाईंनी ट्रे त्यांच्याकडे जरा सरकवला.

“एक म्हातारी यायची,” मामंजी म्हणाले. “मी एवढासा होतो. इथंच बसायची, या बाकावर. चित्र झालं का विचारायची. बाबा मागच्या दाराने जायचे.” माझे कान पुन्हा पेटले. “आई पाणी द्यायची आणि म्हणायची, अजून वाळतंय.”

“वाळतंय?” बाईंना एकदम हसू फुटलं. तेव्हाच पन्नास-साठ वर्षांचं जुनं चित्र! मग त्यांनी तोंडावर हात धरला आणि त्याही लाजल्या. “माफ करा.”

“हसा. आईसुद्धा आत येऊन हसायची. मग रडायची.” मामंजी ट्रेकडेच बघत होते. “म्हातारी बसून बसून मला गोष्टी सांगायची. झेंडे, भरती, खडक. तिचे वडील वाटाडे होते. म्हणायची, त्यांनीच हे चित्र चित्रकाराकडून काढवून घेतलं, आणि चित्रात त्यांच्यामागे होडीत मी आहे, बघ. मी वर पळत जायचो. चित्र वर लागलेलंच होतं ना, दिवाणखान्यात. ती खाली बसलेली आणि चित्र वर. मी शोधायचो. होडी नव्हतीच. मग मला वाटलं, ही खोटारडी आहे. कुणाच्याही चित्रावर हक्क सांगत येते. असं वाटल्यावर बरं वाटलं हो मला. बाबा चोर नाहीत, हीच खोटी.”

“मागची बाजू तुम्ही कधी उघडली नाही?” बाईंनी विचारलं. साधं विचारलं, खोचून नाही.

“बाबा उघडू नका म्हणाले होते.” मामंजी म्हणाले. “मीही फ्रेमवाला आहे, बाई. समोरून बघून कळतं. कळायला नको म्हणून मी जहाजं मोजायला लावायचो.”

मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण आमच्याकडे सून सासऱ्यांचा हात फक्त जिन्यावर धरते.

बाईंनी विचारलं, “मग पाटीवर काय लिहू, आजोबा?”

मामंजी माझ्याकडे बघायला लागले. लहान मुलासारखे. “कापलं कुणी, हे लिहायलाच हवं का ग?”

ताईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, तिच्या सासूबाईंचा आला, दुकानाची पाटी आली. ‘नको’ म्हणणं माझ्या हातात होतं. बाईंनीही ऐकलं असतं, त्या तशा बाई.

“लिहायला हवं, मामंजी,” मी म्हणाले. हे मी माझ्या आयुष्यात कुणाला बोललेलं सगळ्यात दुष्ट वाक्य असेल.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मग आद्याक्षरं चालतील.”

बाईंनी वही काढली, पण आजेसासऱ्यांचं काही लिहिलं नाही. “आणि तिचं नाव?” त्यांनी विचारलं. “आधी तिचं यायला हवं ना. चित्र तिचं.”

मामंजी म्हणाले, “आई म्हणायची, ‘ती आलीय.’ ”

“आडनाव? राहायची कुठं?”

“नाव विचारलं असतं, तर पत्ता विचारावा लागला असता,” मामंजी म्हणाले. “आणि पत्ता असता, तर नेऊन द्यावं लागलं असतं.”

बाईंचं पेन तसंच राहिलं. मी चहा टाकते म्हणून उठले. उठल्यावर माझ्या लक्षात आलं, की चहा टाकायला जाणं हेही तेच आहे. पुन्हा बसले.

“मग जे आठवतं ते सांगा,” बाई म्हणाल्या. “नाव नाही तर नाही.”

मामंजींनी डोळे मिटले. “छत्री असायची. उन्हातसुद्धा.”

“लिहू?”

“लिहा. काळी. एक काडी मोडलेली. उजवा गुडघा दुखायचा, बसताना आधी छत्री टेकायची.” ते थांबले, आठवू लागले, आणि बाई थांबल्या. “शेवटचं आली तेव्हा काही विचारलंच नाही तिने. नुसती बसली. आईने पाणी आणलं. ती म्हणाली, राहू द्या, मी सहज आले होते.”